सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजलेली गिटार

१९७४च्या जानेवारीत बेलफास्टमध्ये रॉकचा कार्यक्रम ठेवायला धाडस लागत होतं. उत्तर आयर्लंडमधला रक्तरंजित संघर्ष पेटून चार-साडेचार वर्षं झाली होती. रस्त्यांवर ब्रिटिश सैनिक, जागोजागी झडती, बॉम्बची टांगती तलवार. संध्याकाळ झाली की शहराचा मध्यभाग ओस पडायचा. बाहेरच्या बँडनी दौऱ्यांच्या यादीतून बेलफास्ट हळूहळू वगळलं होतं. लेड झेपलिननं मार्च १९७१मध्ये 'स्टेअरवे टू हेवन' लोकांपुढे पहिल्यांदा वाजवलं ते इथल्याच अल्स्टर हॉलमध्ये. पण पुढे त्या सभागृहातही मोठी नावं दिसेनाशी झाली. आयरिश गिटारवादक आणि गायक रोरी गॅलाघर मात्र येत राहिला. त्याचा 'आयरिश टूर ७४' हा दुहेरी लाइव्ह अल्बम त्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथे झालेल्या कार्यक्रमांतून तयार झाला. हार्ड रॉकमधला इतका सच्चा लाइव्ह अल्बम माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

रोरी का येत राहिला, याचं उत्तर त्याच्या बालपणात सापडतं. जन्म २ मार्च १९४८चा, डॉनिगॉल परगण्यातल्या बॅलीशॅननचा, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकातला. त्यानंतरची काही वर्षं सीमेपलीकडच्या डेरीमध्ये गेली आणि मग कुटुंब दक्षिणेला कॉर्कला स्थिरावलं. त्याच्यासाठी सीमेच्या दोन्ही बाजू घरच्याच होत्या. बेस वाजवणारा जेरी मॅकअवॉय तर बेलफास्टचाच. लंडनमध्ये नाव कमावलेला हा मुलगा आपल्याला विसरला नाही, ही भावना तिथल्या तरुण श्रोत्यांच्या मनात किती खोल रुजली होती, ते अल्बममधल्या टाळ्यांवरूनच कळतं.

कॉर्कमधल्या क्रॉली यांच्या वाद्यांच्या दुकानातून १९६३मध्ये त्यानं एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. गिटार १९६१ची, किंमत शंभर पौंड. पंधरा वर्षांच्या मुलासाठी ही रक्कम प्रचंड होती. तेव्हा तो शोबँडमध्ये, म्हणजे लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना नाचवण्यासाठी लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्या ताफ्यात काम करायचा. हीच गिटार त्यानं अखेरपर्यंत वाजवली. घामानं तिचा रंग उडत गेला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. मंचावरचा त्याचा वेश म्हणजे चौकटीचा शर्ट आणि जीन्स. झगमगाट नाही, धूर नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा ग्लॅम रॉकचे चकाकते कपडे जोरात होते, हे लक्षात घेतलं की त्याच्या साधेपणाचं वजन कळतं.

लाइव्ह अल्बम म्हणजे कार्यक्रमाचं जसंच्या तसं ध्वनिमुद्रण, असं आपण धरून चालतो. व्यवहारात तसं असतंच असं नाही. मंचावरच्या माइकच्या वायरी बाहेर उभ्या असलेल्या गाडीत जातात. तिथे गायन, गिटार, ड्रम, श्रोते हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरतं. त्यामुळे बेसुरा झालेला स्वर नंतर स्टुडिओत बदलणं सोपं जातं. थिन लिझी या दुसऱ्या आयरिश बँडच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'मध्ये (१९७८) खरं किती आणि स्टुडिओतलं किती, यावर निर्माता आणि बँड यांच्यात अनेक वर्षं वाद चालला. 'आयरिश टूर'साठी रॉनी लेनचा फिरता स्टुडिओ आणला होता. एअरस्ट्रीम बनावटीच्या कॅरॅव्हॅनमध्ये बसवलेला हा स्टुडिओ द हू आणि लेड झेपलिननंही वापरला होता. ध्वनी असा पकडला आहे की सभागृहाची खोली जाणवते. रोरीचा आवाज जोरात चिरतो, उत्साह चढला की लय पुढे सरकते. हे काही पुसलेलं नाही.

लू मार्टिनचा पियानो आणि रॉड डी'आथचे ड्रम धरून मंचावर माणसं चारच. दुसरा गिटारवादक नाही, त्यामुळे ताल आणि सूर दोन्ही रोरीला एकाच वाद्यावर सांभाळावे लागतात. 'वॉक ऑन हॉट कोल्स' इथे अकरा मिनिटांच्या पुढे जातं. गायनाची ओळ संपते तिथेच गिटार तिला उत्तर देते, मग बँड आवाज एकदम खाली आणतो, गिटार जवळजवळ कुजबुजते आणि तिथून सगळे पुन्हा वर चढतात. मैफलीत गवई समेच्या आसपास श्रोत्यांना ताटकळत ठेवतो, त्यातली ओढ इथेही आहे. या गाण्याची स्टुडिओतली आवृत्तीही चांगली आहे, पण तिच्यात समोर कुणी बसलेलं नाही.

'अ मिलियन माइल्स अवे' हे माझं सर्वांत आवडतं. समुद्रकाठच्या हॉटेलात, गर्दीच्या मधोमध बसलेल्या एकट्या माणसाचं हे गाणं आहे. हजारो माणसांसमोर तो ते गातो आणि ती हजारो माणसं त्या एकटेपणात सहभागी होतात. पुढे 'अ‍ॅज द क्रो फ्लाइज'मध्ये तो धातूची नॅशनल गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन एकटाच उभा राहतो. गाणं टोनी जो व्हाइटचं, अमेरिकन दक्षिणेतलं. 'आय वंडर हू' अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं. ज्या मडी वॉटर्सची गाणी ऐकत रोरी वाढला, त्याच्यासोबत त्याच्याच लंडनमधल्या ध्वनिमुद्रणात तो १९७१मध्ये वाजवूनही आला होता. मिसिसिपीच्या ब्लूजमधलं दुःख बेलफास्टच्या श्रोत्यांना परकं का वाटलं नाही, हे त्या काळाची वर्तमानपत्रं चाळली की समजतं.

ध्वनिमुद्रण जानेवारीत झालं, अल्बम जुलैमध्ये आला. मधल्या काळात, १७ मे १९७४ रोजी डब्लिन आणि मोनॅहनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं मेली. डब्लिनचा कार्यक्रम ओकॉनेल स्ट्रीटवरच्या कार्लटन सिनेमात झाला होता. स्फोटांपैकी एक पार्नेल स्ट्रीटवरचा, म्हणजे तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावरचा. पुढच्या वर्षी, जुलै १९७५मध्ये, उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून घरी परतणाऱ्या मायामी शोबँड या आयरिश ताफ्याच्या तीन कलावंतांना वाटेत अडवून ठार मारण्यात आलं. त्या रस्त्यांवरून फिरून गाणं किती धोक्याचं होतं, ते यानंतर वेगळं सांगायला नको.

दिग्दर्शक टोनी पामर यांनी रोरीच्या याच दौऱ्यावर चित्रपट केला, तोही पाहण्यासारखा आहे. रोरी १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये गेला. यकृतरोपणानंतर त्याला संसर्ग झाला होता. वय अवघं ४७. त्याची ती रंग उडालेली स्ट्रॅटोकास्टर २०२४मध्ये लिलावात नऊ लाख पौंडांच्या आसपास गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी राखली गेली.

२०१४मध्ये या दौऱ्याची विस्तारित पेटी निघाली, तिच्यात तिन्ही शहरांचे कार्यक्रम स्वतंत्रपणे ऐकता येतात. नव्या श्रोत्यानं सुरुवात मात्र मूळ दुहेरी अल्बमपासूनच करावी, कारण त्यातल्या गाण्यांचा क्रम फार विचारानं लावलेला आहे. त्यानंतर बेलफास्टचा कार्यक्रम लावावा आणि गिटारइतकंच लक्ष सभागृहाकडे द्यावं.