हंजमान कोण?

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या वंशावळी, त्यांची बिरुदं आणि मांडलिकत्वाचे वाद मिराशींच्या १९७७च्या ग्रंथात नीट लागलेले आहेत. त्यावर पुन्हा शाई घालवायचं कारण नाही. माझा जीव गुंतलाय तो त्यांच्या ताम्रपटांतल्या एका शब्दात. कुठे 'हंजमान', कुठे 'हंयमन' असा तो कोरलेला दिसतो. शके ९४८च्या, म्हणजे १०२६च्या भांडुप ताम्रपटात छित्तराज ज्यांना आपलं दान कळवतो त्या यादीत तो आहे: हंजमान, नगर, पौर, त्रिवर्ग. हे सगळे एकाच लांबलचक समासात.

हित्ती लेखनिकाची एक पद्धत मला फार आवडते. मातीच्या पाटीवर लूवियन शब्द आला की तो पुष्कळदा त्याच्या अलीकडे दोन तिरप्या खुणा दाबत असे. शब्द परका आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळे. आमच्या ताम्रपटकारांनी परका शब्द सरळ संस्कृत समासात बसवला आणि पुढच्यांना भांडत ठेवलं.

भांडण असं आहे. एक पक्ष म्हणतो, हंजमाननगर म्हणजे संजाण. नादसाम्य दिसलं की यांचं संशोधन संपतं. अहो, संजाणचं नाव त्या काळी संयान असं होतं आणि चिंचणीच्या ताम्रपटांत ते स्वच्छ कोरलेलं आहे! शिवाय 'नगर' हा समासातला स्वतंत्र घटक धरायला व्याकरणाची काहीच आडकाठी नाही. अवेस्तात 'हंजमन' म्हणजे सभा, त्याचंच पुढे फारसीत 'अंजुमन' झालं. राजा पारशांच्या पंचायतीला मानाने कळवतोय, हाच अर्थ त्या यादीत बसतो. यादीतल्या जागेवरून अर्थ लावा, नुसत्या नादावरून नको, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

चिंचणीचे हे ताम्रपट १९५५ साली सापडले आणि दिनेशचंद्र सरकारांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त छापले. शके ८४८च्या (इ.स. ९२६) पटात राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळी संयानमंडळावर ताजिक मधुमती, म्हणजे अरब मुहंमद, कारभार पाहतो. बंदरांवर तो आपली माणसं नेमतो, दोन प्रवाहांवर फुकट तर चालवतो, अन्नसत्रात साळीचा भात, कालवण आणि तूप वाढवतो. मासवणला सूर्या नदीच्या पावसाळी लोंढ्यापाशी खोळंबलेल्या माणसाला तरीचं मोल सांगावं लागत नाही. शके ९५६च्या पटात छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज मठाला तेलाचा घाणा देतो. कशाला, तर भगवतीपुढच्या दिव्याला आणि आल्यागेल्या विद्वानांच्या पायांना लावायला तेल हवं म्हणून! देवीचा दिवा, मठ, अरब अधिकारी सगळे एकाच किनाऱ्यावर नांदत होते. तिथे पारशी सभेला राजाने मान दिला तर नवल कसलं?

आज चिंचणीशेजारच्या वाढवण बंदरावर रोज रकाने भरून येतात, पण मधुमतीच्या बंदरांचा त्यात उल्लेखही नसतो. कॉलेजातून इतिहास शिकून बाहेर पडलेल्या मुलांना नागरीचं जुनं वळण वाचता येत नाही आणि त्याची खंत शिकवणाऱ्यांनाही उरलेली नाही. ताम्रपटाचा ठसा समोर ठेवून अक्षर अक्षर लावणारी पिढी संपत आली. आता इंग्रजी सारांशाचा सारांश छापला जातो आणि त्यात हंजमान पुन्हा बिनदिक्कत संजाण होतं. चिंचणीचे सगळे पट मूळ पाठ, मराठी अर्थ आणि ठशांसह एका पुस्तकात याच जिल्ह्यातून निघायला हवेत. पाठाचं काम करायला मी आजही तयार आहे.