शरणपूर ते राबाई

अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात आहे. लेणी बघायला निघालेली मंडळी गावातून घाटाकडे सरळ निघून जातात. गावातला जुना कोट, वेस आणि बारादरी यांच्याकडे क्वचितच कुणी वळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांची शिंदे-भोसल्यांशी गाठ पडली. आर्थर वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याच्याकडे अकराशेंहून जास्त जखमी झाले आणि त्यांत देशी शिपाईही पुष्कळ होते. निजाम इंग्रजांचा दोस्त, तरीही दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना आत घ्यायचे नाकारले. शेवटी त्यांना अजिंठ्याला आणले आणि तिथे इस्पितळ थाटले. चाळीस वर्षांनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आलेला रॉबर्ट गिल याच गावाच्या बारादरीत राहिला.

आमच्या मुलखात इंग्लंडच्या चर्चचा, म्हणजे अँग्लिकन पंथाचा, पहिला वावर असा फौजेच्या मागोमाग आला. पलटणीबरोबर धर्मगुरू असे, इंग्रजीत उपासना होई, मेलेल्यांचे दफन होई. औरंगाबादच्या छावणीतले ख्राइस्ट चर्च पाहिले की तो काळ डोळ्यांपुढे येतो. पण या जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची मुळे शोधत गेलो तर वाट छावणीशी थांबत नाही, ती नाशिककडे जाते. चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिकला ठाणे होते आणि औरंगाबादचे काम त्याच सोसायटीचे. ते काम रेव्ह. रत्नजी नवरोजी या पारशी कुळात जन्मलेल्या पाळकाने कित्येक वर्षे वाहिले. गावकुसाबाहेरच्या मांग-महार वस्त्यांमध्ये जी पहिली ख्रिस्ती घरे झाली ती या काळातली. पुढे १९२९ साली नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला तेव्हा औरंगाबाद त्यातच होते. म्हणून सिल्लोडला बसून या पंथाच्या एखाद्या मराठी देवळावर लिहायचे, तर मला नाशिकचे शरणपूर टाळता येत नाही. इतके आतिथ्यशील आणि इतके विसरले गेलेले दुसरे देऊळ मला महाराष्ट्रात माहीत नाही.

आज शरणपूर रोड म्हटले की नाशिककरांना महापालिकेचे राजीव गांधी भवन, कॅनडा कॉर्नर, दुकाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. त्याच रस्त्यावर संत आंद्रियाचे देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र ही जागा शहराबाहेर, पश्चिमेच्या माळावर होती आणि तिथे एक अख्खे ख्रिस्ती गाव वसवलेले होते.

सोसायटीचे मिशनरी नाशिकला १८३२ साली आले. त्यांतले रेव्ह. फरार आणि त्यांच्या पत्नी यांनी शाळा काढल्या. मिसेस फरार यांनी मराठीत लिहिलेही, आणि जुन्या मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचे ‘कुटुंबप्रवर्तननीति’ हे पुस्तक ठाऊक असते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक मुंबईत जन्मला, पुढे कँटरबरीचा डीन झाला. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती माँटगोमेरी हा त्याच्या मुलीचा मुलगा. पण ही झाली इंग्लंडकडची शाखा. नाशिकमध्ये प्रश्न वेगळाच होता. गंगेवरचे, म्हणजे गोदावरीवरचे, हे क्षेत्र. इथे कुणी बाप्तिस्मा घेतला की त्याचे घर सुटे, पाणवठा तुटे, पोटापाण्याचा धंदा बसे. बायको माहेरी ठेवली जाई, वडील जिवंतपणी मुलाचे श्राद्ध घालीत. अशा माणसाला नुसता उपदेश काय कामाचा? त्याला राहायला जागा हवी आणि हाताला काम हवे. दुष्काळात आईबाप गमावलेली पोरे होती, त्यांनाही तेच हवे होते. रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५च्या सुमाराला शरणपूर वसवले ते या गरजेतून. देऊळ, शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम-लोहारकामाच्या कर्मशाळा आणि राहती घरे अशी त्याची मांडणी होती. रविवारची उपासना आणि सोमवारचा रंधा एकाच आवारात चाले.

आणि मग या आवारात आफ्रिकेतली मुले आली.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे आपले संभाजीनगर, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. जंजिऱ्याचे सिद्दीही सगळ्यांना माहीत. पण गुलामांचा तो व्यापार एकोणिसाव्या शतकातही जोरात चालू होता, हे आपल्या डोळ्यांआड राहते. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून पकडलेली माणसे किनाऱ्यावर आणून झांजिबारच्या बाजारात विकत आणि तिथून गलबते भरून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे पाठवीत. इंग्रजी आरमार या गलबतांवर छापे घाली. सोडवलेल्या मुलांना परत किनाऱ्यावर उतरवले तर ती चार दिवसांत पुन्हा विकली जाणार. म्हणून त्यांना मुंबईला आणत. मुंबईत काही घरोघरी नोकर म्हणून वाटली गेली, काही मिशनांकडे सोपवली गेली. सोसायटीकडच्या मुलांसाठी शरणपूरला आफ्रिकी आश्रम उघडला.

कल्पना करा, याओ किंवा न्यासा मुलखातला आठ-दहा वर्षांचा मुलगा. गाव जळालेले पाहिलेले, साखळीतून चाललेला, गलबताच्या तळाशी कोंबलेला. त्याला उतरवले मुंबईला आणि आणून ठेवले नाशिकच्या माळावर. इथे त्याला भाकरी मिळाली, पाटी मिळाली, हिंदुस्थानी आणि इंग्रजी मिळाली, हत्यार हातात धरायला शिकवले. आणि बाप्तिस्म्याबरोबर नवे नावही मिळाले. चेंग्विंबे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कुणी जेकब वेनराइट, कुणी कॅरस फरार, कुणी सायमन प्राइस. मिशनऱ्यांचीच आडनावे मुलांना चिकटली. मला हे वाचताना दर वेळी बोचते. आसरा खरा होता, पण त्याने मुलाकडून त्याचे नाव आणि आईची भाषा घेतली. शरणपूरविषयी गौरवाने लिहिणाऱ्यांनी हे झाकू नये, आणि टीका करणाऱ्यांनी हेही झाकू नये की त्या काळी त्या मुलांसाठी दुसरे उघडे दार फारसे नव्हतेच.

१८६५ साली डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आला. नाईल नदीचा उगम शोधायच्या शेवटच्या प्रवासाला त्याला माणसे हवी होती. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर त्याचा चाहता. शरणपूरच्या आश्रमातून नऊ तरुण त्याच्याबरोबर गेले. त्याला यांचा अनुभव फारसा चांगला आला नाही. लिव्हिंग्स्टन त्यांना आळशी म्हणतो, चोर म्हणतो. त्यांतले एक-दोघे शेवटपर्यंत टिकले, बाकीचे वाटेत सुटले किंवा वारले. लहानपणी ज्या वाटेवरून साखळीत आणले त्याच वाटेवर ओझे वाहायला लावल्यावर पोरांची मने किती बिघडली असतील, हा विचार त्या थोर माणसाच्या रोजनिशीत कमीच दिसतो.

१८७२ साली दुसरी तुकडी गेली. जॉन आणि जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन असे हे सहा जण. लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या बातमीदार स्टॅन्लेने किनाऱ्यावरून जी मदत लिव्हिंग्स्टनकडे रवाना केली तिच्यात ते होते. पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी, लिव्हिंग्स्टन आपल्या झोपडीत गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला.

इथे त्या माणसांनी जे केले ते नीट पाहण्यासारखे आहे. सुसी आणि चुमा हे त्यांचे पुढारी. चुमाने मुंबईला मिशनरी डॉ. विल्सन यांच्याकडे काही काळ काढला होता. मेलेला माणूस बरोबर बाळगणे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गावचा रोष ओढवून घेणे. तरीही प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरले. फारिजाला नावाच्या माणसाने झांजिबारला एका डॉक्टरकडे चाकरी केली होती, त्याने शवाची चिरफाड केली. हाताखाली नाशिकचा कॅरस फरार. काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाडाखाली पुरली. त्या वेळी प्रार्थनेच्या पुस्तकातली दफनविधीची उपासना जेकब वेनराइटने वाचली. शरणपूरच्या देवळात शिकलेला तो विधी आफ्रिकेच्या रानात एका आफ्रिकी तरुणाच्या तोंडून झाला. देहात मीठ भरले, चौदा दिवस उन्हात वाळवला, पाय मुडपले, झाडाची साल गोल सोलून तिच्या नळकांड्यात ठेवला, वर शिडाचे कापड शिवले आणि डांबर फासले. जेकबने झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. तो कोरलेला तुकडा पुढे १८९९ साली कापून लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत नेला गेला.

मग चालणे सुरू झाले, हजार मैलांहून जास्त. वाटेत दहा जण आजाराने मेले. उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरनची इंग्रज तुकडी भेटली. त्याने सांगितले, इथेच पुरा आणि मोकळे व्हा. त्यांनी ऐकले नाही. पुढे एका गावच्या लोकांनी प्रेत नेऊ द्यायला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी गवताकाठ्यांचे खोटे प्रेत बांधून ते पुरायला परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरे प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे काढले. १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला समुद्राशी पोचले. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने पगार चुकता करून बहुतेकांना घरी जायला सांगितले. जेकब तेवढा चर्च मिशनरी सोसायटीच्या खर्चाने इंग्लंडपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत स्टॅन्लेसह तो होता. नाशिकच्या अनाथाश्रमातून निघालेल्या मुलाने एवढी वाट चाललेली होती, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला अर्धी ओळही मिळालेली नाही.

लिव्हिंग्स्टनमुळे या मुलांची नावे टिकली, त्यामुळे लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. माझ्या मते शरणपूरची मोठी गोष्ट यानंतरची आहे.

१८६४ सालीच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर यांच्यासारखे काही तरुण मोंबासाजवळच्या राबाईला गेलेले होते. तिथे रेबमान हा जर्मन मिशनरी एकटा पडला होता, त्याला हातभार म्हणून. मग बार्टल फ्रियरच्या मोहिमेनंतर १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी करार होऊन गुलामांचा बाजार बंद झाला. आता सोडवलेल्यांना मुंबईला आणायची गरज उरली नाही, त्यांना तिथल्याच किनाऱ्यावर वसवता येणार होते. हे काम कुणाला जमेल? ज्याने एकदा केले होते त्याला. सोसायटीने शरणपूरच्या प्राइसनाच मोंबासाला धाडले. त्यांनी वसवलेल्या गावाला फ्रियरटाउन नाव पडले. शरणपूरचे आफ्रिकी रहिवासी तिकडे गेले आणि शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, उपदेशक म्हणून उभे राहिले. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. गुलामांचे व्यापारी चाल करून आले तर इशारा द्यायला गावात एक घंटा टांगलेली होती. मोंबासातल्या त्या भागाला आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, असेच म्हणतात.

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टनने डीकनपदाची दीक्षा दिली. केनियाच्या किनाऱ्यावरचे हे पहिले आफ्रिकी अँग्लिकन धर्मसेवक. त्याच वर्षी हॅनिंग्टन जोन्सला बरोबर घेऊन युगांडाकडे निघाला. वाटेत जोन्सला मोठ्या तुकडीपाशी ठेवून तो मोजक्या माणसांनिशी पुढे गेला आणि ऑक्टोबरअखेर मारला गेला. मागे राहिलेल्या सगळ्या माणसांना सांभाळून किनाऱ्यावर परत आणले ते जोन्सने.

पण त्याचे खरे कर्तृत्व राबाईला दिसते. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईच्या मिशनात येऊ लागले. कायद्याने ते मालकांची मालमत्ता होते आणि पळालेल्यांना ठेवून घेऊ नका, असे मिशनऱ्यांना वरून बजावलेले होते. तरी राबाईत त्यांची संख्या वाढतच गेली. जोन्सच्या देखरेखीतल्या त्या वस्तीत ते घरे बांधून, शेते काढून राहू लागले. १८८८ साली हे उघड झाले तेव्हा मालक खवळले, दंग्याची वेळ आली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना भरपाई देऊन मिशनांतल्या चौदाशेंहून अधिक पळालेल्या गुलामांची कायदेशीर सुटका केली. स्वतः कधीकाळी विकला गेलेला, नाशिकच्या वस्तीत वाढलेला माणूस आता शेकडोंना आसरा देत होता. शरणपूरने त्याला काय दिले याचे मोजमाप मी इथे करतो, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये करत नाही.

या माणसांना तिकडेही सुख लागले असे नाही. इंग्रज मिशनऱ्यांना ‘बॉम्बे’चे लोक गर्विष्ठ वाटत. बरोबरीचा पगार मागतात, बरोबरीने बसू पाहतात, ही तक्रार. जोन्ससारख्यांनी याविषयी गप्प न बसता आवाज उठवला. देवळाच्या दारात सगळ्यांना आत या म्हणणे सोपे असते. आत आलेल्याला कारभारात पाट मांडून देताना हात आखडतो. हे मोंबासात झाले तसे आपल्याकडेही झाले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच्या पाळकांसाठी, स्वतःच्या कारभारासाठी पुष्कळ वर्षे वाट पाहिली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सहा पंथ एकत्र आले. अँग्लिकन त्यांतला एक. एके काळी अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडच्या मंडळ्या वेगळ्या आणि नाशिकच्या सोसायटीच्या वेगळ्या होत्या, आता त्या एकाच छत्राखाली आहेत. शरणपूरच्या देवळात मराठीत उपासना होते, ‘उपासना संगीत’मधली पदे पेटी-तबल्यावर म्हटली जातात. नाताळात आपल्या गावोगावी होते तसेच, बिगरख्रिस्ती शेजारीपाजारीही पोरांना घेऊन देवळात डोकावतात. रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंना मात्र या आवारात जेकब वेनराइट आणि विल्यम जोन्स शिकले, हे माहीत असण्याचे कारण नाही. लंडनच्या जिओग्राफिकल सोसायटीने २००७ साली ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या विषयावर प्रदर्शन भरवले. तसे काही नाशिकला, आणि मलिक अंबरच्या आमच्या शहरातही, भरायला हवे.

दुसऱ्या तुकडीतल्यांपैकी जेकब १८९२ साली आजच्या टांझानियात उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन, तो मूळचा चेंग्विंबे, खूप जगला. मोंबासात सरकारी बांधकाम खात्यात त्याने चाकरी केली. आपले जन्मनाव, आपले पकडले जाणे, लिव्हिंग्स्टनचे प्रेत घेऊन केलेली वाटचाल हे सगळे तो म्हातारपणी सांगत असे. १९२९ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत झाला आणि बिशप लॉइड त्याचे पहिले बिशप झाले, तेव्हा शरणपूरचा हा मुलगा मोंबासात हयात होता. १९३५ साली तो तिथेच वारला.