यजमानाचें मैदान

सदाशिव पेठेंतील एखाद्या ओसरीवर फुटबॉलचा वाद रंगला, म्हणजे पराभूत पक्षाचा कैवारी हटकून म्हणतो, "आमचा संघ परक्या मैदानावर खेळला." या तक्रारींत तथ्य किती?

तथ्य आहे. यजमान संघास भूमि परिचित असते, प्रवासाचा शीण नसतो आणि हजारों कंठांचा घोष पंचाच्या निर्णयावरहि नकळत परिणाम करतो. म्हणूनच साखळी स्पर्धेंत प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात. एक आपल्या घरीं, दुसरा प्रतिपक्षाच्या. लाभ नाहींसा होत नाहीं. तो सारखा वांटला जातो.

ही वांटणी विसकटली म्हणजे काय होतें, हें पुणेकरांनीं पाहिलें आहे. मुंबईचें कूपरेज मैदान उपलब्ध नसल्यामुळें २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें मुंबई एफसी व एअर इंडिया यांचें 'घरचें' मैदान बालेवाडी ठरलें. आणि तेंच पुणे एफसीचेंहि होतें! कागदावर यजमान मुंबई, मैदान मात्र पुण्याचें. त्या वर्षीं पुणे एफसी उपविजेता ठरला. २६ सामन्यांच्या साखळींत हा प्रश्न दोनच सामन्यांचा. तेवढ्यानें यश हिणकस ठरत नाहीं. तरी बंगालच्या चाहत्यानें शंका घेतली, तर तिला मत्सर म्हणून झिडकारणेंहि योग्य नव्हे.

मग न्याय्य तक्रार ओळखावी कशी? मैदान ठरतांना घेतली, ती हरकत. निकाल लागल्यावर सुचली, तो रडीचा डाव. आणि हरकत खरी कीं नाहीं, याची कसोटी एकच: मैदान आपल्या सोयीचें असतें, तरीहि ती आपण घेतली असती काय?