मोडीत घालण्यापूर्वी…

घराची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या जुन्या वस्तू खाली येतात. आजीचा पोपटाच्या आकाराचा अडकित्ता, चेपलेली पितळी भांडी, पोळ्याचे मातीचे बैल. मातीचे उकिरड्यावर जाते आणि लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या इतवाऱ्यात नवे स्टील घेताना पितळ मोडीत निघते.

अमेरिकेत प्राण्यांच्या आकाराच्या जुन्या बिस्किटांच्या बरण्या जमविण्याचा लोकांना नाद आहे. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी जुन्या बाजारांतून अशा बरण्या गोळा केल्या. त्यांच्या निधनानंतर १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना सुमारे अडीच लाख डॉलर आले! तिकडे पेंग्विनच्या आकाराच्या मद्याच्या भांड्यांनाही गिऱ्हाईक आहे. पंचशील पाळणाऱ्या घरात त्यांचे काम नाही; पण जुनी वस्तू जपण्याची दृष्टी मात्र घेण्यासारखी आहे.

हा केवळ पैसेवाल्यांचा छंद नव्हे. लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतील वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तिथे सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या प्राण्यांच्या व माणसांच्या आकृत्या पाहायला मिळतात. रोमन साम्राज्यातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही तेरला सापडले आहेत. याच मातीत विटांचा बौद्ध स्तूपही निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी तेरणाकाठी धम्म नांदत होता, याची साक्ष पोथीने नव्हे, मातीने दिली!

पुण्याच्या दिनकर केळकरांनीही असेच अडकित्ते, दिवे, भांडी जमवली आणि १९७५ मध्ये तो संग्रह शासनाला दिला. पण वाड्यांतल्या वस्तू जपणारे पुष्कळ मिळतात. आपल्या वस्तीतल्या वस्तू कोण जपणार? वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र सांभाळले म्हणून ते आज नागपूरजवळच्या चिचोलीला पाहता येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात घरांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तूही ढिगाऱ्याखाली गेल्या. त्या परत येणार नाहीत. उरल्या आहेत त्या आपल्या हातात आहेत.

भगिनींनो, फार काही करावे लागत नाही. जुने पितळ चिंच लावून खसाखसा घासू नका, नक्षी झिजते. मऊ कापडाने पुसा. मातीची वस्तू पाण्यात बुडवू नका. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा: ही कोणाची, कोणत्या गावची, घरात कशी आली, तिने काय काम केले. आजी हयात आहे तोवर तिलाच विचारा आणि मुलांच्या हातून लिहून घ्या.

मोडीत वस्तूचे वजन होते, आजीच्या कष्टांचे होत नाही. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्याने आपला अडकित्तासुद्धा जपून ठेवावा.

जयभीम!