ओरडणारी एरर आणि मुका नल

जावात लिहिलेला सोप वेब सर्व्हिसचा क्लायंट दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर तो सुरू होतानाच एररची लांबलचक ट्रेस ओकतो. नाही तर कॉल यशस्वी होतो, पण हाती आलेल्या ऑब्जेक्टमधली फील्ड्स नल असतात. पहिला बिघाड दिसायला भयंकर, पण वेळ जास्त खातो तो दुसरा.

पहिल्याचे मूळ बहुधा क्लासपाथवर असते. जावा 6 पासून (2006) सोपसाठीची जॅक्स-डब्ल्यूएस आणि एक्सएमएलचे ऑब्जेक्ट करणारी जॅक्सबी जेडीकेबरोबरच येत. जावा 11 मध्ये (2018) ती काढून टाकली गेली, त्यामुळे जुना क्लायंट नव्या जेडीकेवर चढवला की ‘नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर’ ठरलेली. मग बाहेरून जार घालाव्या लागतात आणि तिथे नवा घोळ होतो. जकार्ता ईई 9 मध्ये (2020) पॅकेजांच्या नावातले ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले. जुने जनरेट केलेले क्लास जावाएक्सची अॅनोटेशन्स धरून बसतात आणि नव्या रनटाइमला ती ओळखूच येत नाहीत.

‘नो-सच-मेथड-एरर’ची गोष्ट वेगळी. इथे क्लास सापडलेला असतो, पण चुकीच्या जारमधला. एकच लायब्ररी दोन वाटांनी आली, तर मेव्हन प्रोजेक्टला जवळची वाट निवडतो. त्या वाटेने जुनी आवृत्ती येत असली तरी. डिपेन्डन्सी ट्री काढला की ती कोणी ओढून आणली ते कळते. जेव्हीएमला ‘व्हर्बोज क्लास’चा पर्याय दिला की कोणता क्लास कुठून लोड झाला ते दिसते. अॅप्लिकेशन सर्व्हरची स्वतःची प्रत मध्ये आली, तर एखादा क्लास त्याच नावाच्या क्लासमध्ये कास्ट होत नाही अशी हास्यास्पद तक्रार येते. नाव एक, क्लासलोडर दोन.

नलचा माग काढताना आधी कोड उघडू नये, एचटीटीपीवरून गेलेला-आलेला मूळ एक्सएमएल पाहावा. उत्तरात किंमत आहे आणि ऑब्जेक्टमध्ये नाही, तर संशय नेमस्पेसवर घ्यावा. स्कीमात ‘एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट’ लिहिले नसेल तर आतली एलिमेंट्स नेमस्पेसविना धरली जातात, आणि सर्व्हर मात्र ती नेमस्पेससह पाठवत असतो. जनरेट झालेली ‘पॅकेज-इन्फो’ फाइल कोणी निरुपयोगी समजून पुसली तरी हेच होते. जॅक्सबी 2 अनोळखी एलिमेंट एरर न देता सोडून देते, म्हणून लॉग कोरा राहतो. तपासणीपुरता व्हॅलिडेशन हँडलर लावला की ती बोलू लागते.

उत्तरातच किंमत नसेल तर विनंती तपासावी. क्लायंट जावाऐवजी डॉटनेटच्या एक्सएमएल सीरियलायझरवर बनलेला असेल, तर त्यात ऐच्छिक संख्येच्या जोडीला ‘स्पेसिफाइड’ नावाची प्रॉपर्टी असते. ती ‘ट्रू’ केली नाही, तर भरलेली संख्याही पाठवली जात नाही.

रिकामा टॅग, ‘निल’ची खूण असलेला टॅग आणि गैरहजर टॅग यांत फरक आहे: स्ट्रिंगच्या बाबतीत पहिल्याची रिकामी स्ट्रिंग होते, उरलेल्या दोहोंचा साधारणपणे नल. याहून फसवी अवस्था संख्यांची. डब्ल्यूएसडीएलमधल्या स्कीमाने सक्तीची म्हटलेली संख्या ‘इंट’ म्हणून जनरेट होते आणि सर्व्हरने ती गाळली तर क्लायंटला शून्य दिसते. स्कीमात ‘मिन-ऑकर्स’ शून्य करून क्लास पुन्हा जनरेट केले की तिथे ‘इंटीजर’ येतो, आणि न आलेली संख्या नल म्हणून दिसते.