सम्यक दृष्टी आणि विहाराचं भवितव्य

आजचा विषय आहे धर्मसमूहाची दृष्टी. शब्द मोठा आहे, आणि मोठे शब्द ऐकायला बरे वाटतात, पण घरी पोचेपर्यंत विरून जातात. म्हणून आपण तो एका प्रत्यक्ष उदाहरणावर तपासू. उदाहरण लांब शोधायला नको. इथून, धरमपेठेतून निघालं की थोड्याच वेळात दीक्षाभूमी येते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मधले दिवस मोजले तर फक्त ५३ भरतात. समाजाने नुकताच धम्म स्वीकारलेला, आणि वाट दाखवणारा गेला. गावोगावी विहार नव्हते. मराठीत शिकवू शकतील असे भिक्खू फार थोडे होते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथसुद्धा अजून छापून यायचा होता. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये निघाला.

अशा वेळी हा समूह विखुरला असता तरी नवल वाटलं नसतं. पण १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७.९ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदवला. दहा वर्षांपूर्वी हीच संख्या अडीच हजारांच्या आसपास होती.

हे कशामुळे झालं? बाबासाहेबांवरची निष्ठा, हे उत्तर खरंच आहे. पण नुसत्या निष्ठेवर माणसं जयंतीला जमतात. रोजचं जगणं बदलायला आणखी काही लागतं. आम्हाला असं वाटतं की बाबासाहेबांनी आपली दृष्टी कामांच्या रूपात वाटून दिली होती.

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी तीन कामं सांगितली: सामान्य माणसाला वाचता येईल असा एक ग्रंथ तयार करणं, भिक्खुसंघाच्या रचनेत आणि उद्दिष्टांत बदल करणं, आणि जगभर प्रचार करणारी संस्था उभारणं. यातलं पहिलं काम त्यांनी स्वतःच हातात घेतलं.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, नागपुरातल्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितलं. शिवाय दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे, असंही जाहीर केलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पैसा कुठून येणार आणि उद्या दीक्षा कोण देणार, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यांनी समोर बसलेल्या माणसांच्याच हातात ठेवलं. बावीस प्रतिज्ञांचंही तसंच. खोटं न बोलणं, दारू न पिणं, सगळी माणसं समान मानणं, या गोष्टींसाठी शाळेचा दाखला लागत नाही. निरक्षर शेतमजूर बाईसुद्धा त्या दिवशी संध्याकाळपासून सुरुवात करू शकत होती.

आता शब्दाकडे येऊ. अष्टांगिक मार्गात पहिलं अंग आहे सम्यक दृष्टी, पालीत सम्मादिट्ठी. भविष्याचं सुंदर चित्र रंगवणं, असा तिचा अर्थ नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येतं, हे जसं आहे तसं पाहणं म्हणजे सम्यक दृष्टी. त्यानंतर संकल्प, वाणी, कर्म, आजीविका. म्हणजे पाहण्यापासून सुरू झालेली गोष्ट थेट पोटापाण्याच्या धंद्यापर्यंत जाते.

मग आजचा आपला विहार जसा आहे तसा पाहू या. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते. पण एखाद्या साध्या रविवारी जाऊन पाहा. अनेक ठिकाणी वंदनेला पाच-सात वयस्क उपासिका असतात, आणि वंदना झाली की दाराला कुलूप लागतं. मुलं शिकली, पुण्याला, बंगळुरूला नोकरीला लागली. ही तर आपल्या चळवळीचीच कमाई आहे. पण वस्तीत मागे राहिलेला, बारावीत नापास झालेला मुलगा विहाराकडे का यावा, याचं उत्तर समितीकडे आहे का?

समितीच्या बैठकीत बहुतेक वेळा मोठ्या मूर्तीचा किंवा नव्या सभामंडपाचा ठराव येतो. वास्तू हवीच. दीक्षाभूमीचा स्तूप पाहून कुणाला अभिमान वाटत नाही? पण त्या भूमीवरचा क्रम आठवा. तिथलं डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ साली सुरू झालं आणि स्तूपाचं उद्घाटन झालं १८ डिसेंबर २००१ ला. वर्ग आधी भरले, घुमट ३७ वर्षांनी पूर्ण झाला.

काही जण म्हणतील, विहार ध्यानासाठी आहे, समाजकार्याला इतर संस्था आहेत. ही शंका प्रामाणिक आहे. शांतपणे बसायला जागा हवी, हे आम्हालाही मान्य आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूंविषयी हाच प्रश्न विचारला आहे: स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवायचा की समाजाचा सेवक? धम्माची आशा त्यांनी सेवकाकडून ठेवली. भिक्खूंना लागू होणारी ही कसोटी आपल्यालाही लागू होते.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत वास्तूच्या ठरावाआधी तीन प्रश्नांवर बोला. या वस्तीतलं कोणतं दुःख आज आपल्याला दिसतं आहे? ते कमी करायला प्रत्येक घराला कोणतं छोटं काम देता येईल? आणि विहाराची किल्ली दहा वर्षांनी कुणाच्या हातात असेल, त्या मुलीला किंवा मुलाला आपण आज नावाने ओळखतो का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही, तर कामाची सुरुवात तिथूनच करा. अभ्यासिकेसाठी एक खोली, एक दिवा आणि रोज दोन तास बसणारा एक जबाबदार माणूस, एवढ्यावरही सुरुवात होते.

पुढच्या वेळी आपण सम्यक संकल्पाकडे वळू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.