विषाचें गणित संथ कां चालतें?

ऑगस्ट २०१७ मध्यें रायगड जिल्ह्यांतील तळोजें येथील औद्योगिक वसाहतींत रस्त्यावरचीं कांहीं कुत्रीं निळीं झालेलीं दिसलीं. रंग एका कारखान्यांतला होता, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें तो बंद करविला. कुत्र्याच्या अंगावरचा रंग दिसतो, म्हणून गाजावाजा झाला. जमिनींत मुरलेलें विष दिसत नाहीं. त्याचें गणितच करावें लागतें. विष कोठें आहे, तें कोणत्या वाटेनें जाईल आणि त्या वाटेच्या टोकाशीं कोण राहतें, हे तीन प्रश्न संगणकास घालावयाचे असतात. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीं केंद्र सरकारनें जुलै २०२५ मध्यें स्वतंत्र नियम केल्यापासून अशा गणिताची गरज वाढली आहे.

तक्रार मात्र एकच ऐकूं येते: संगणक फार हळू चालतो. सायंकाळीं सुरू केलेलें गणित सकाळीं अर्ध्यावरच असतें, आणि मग नवें यंत्र घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. वर्गांतला मुलगा उत्तरास वेळ लावूं लागला तर तो मंद आहे असें ठरविण्यापूर्वीं त्याला घातलेला प्रश्न केवढा होता हें पाहावें, तोच न्याय येथें लागूं आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर प्रश्न मुळांतच मोठा. पनवेल, धरमतर, रेवदंडा, बाणकोट या खाड्यांत दिवसांतून दोनदां भरती येऊन पाणी उलटें फिरतें. खाडीकांठच्या विहिरीचा हिशेब करतांना हें धरावयाचें, तर संगणकास तासातासाची नोंद ठेवावी लागते. २५ वर्षांचे दिवस सुमारें ९,१००. तास मात्र २,१९,००० भरतात! नकाशावरील चौकटींची रुंदी निम्मी केली कीं त्यांची संख्या चौपट होते. खोलीचेही तसेच भाग पाडले तर आठपट. शिवाय काळाचीं पावलेंही बहुधा आंखूड करावीं लागतात.

त्यांत फाशांची भर पडते. मातीची सच्छिद्रता, मुलांच्या पोटांत जाणारी धूळ, एका विहिरीचें पाणी पिण्यांत गेलेलीं वर्षें, यांतला एकही आंकडा नक्की नसतो. म्हणून दर वेळीं जणूं फासे टाकून आंकडे निवडतात आणि तेंच गणित हजारों वेळां करतात. या रीतीस जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचें नांव मिळालें. मेट्रोपोलिस व उलाम यांचा तीवरील निबंध १९४९ चा आहे. तिचा नियम कठोर आहे: चूक निम्मी करावयाची तर फासे चौपट वेळां टाकले पाहिजेत.

तेव्हां उपायापूर्वीं वेळ कोठें जातो तें शोधावें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसर निवांत व डिस्क किंवा नेटवर्क धडपडत असलेलें दिसलें, तर वेळ बहुधा वाचण्यालिहिण्यांत जातो; फाइल दूरच्या यंत्रावर असेल तर ती आपल्या डिस्कवर आणावी, आणि तासातासाचा निकाल लिहून घेण्याऐवजीं महिन्याचा घ्यावा. मेमरी भरली असेल तर संगणक तिच्यांतला माल डिस्कवर टाकून पुन्हां उचलीत बसतो. तेथें मेमरी वाढविणें खरोखरच उपयोगी. इंग्लंडच्या एनव्हायर्नमेंट एजन्सीनें काढलेली ‘क्ली’ ही प्रणाली एक्सेलच्या तक्त्यांवर उभी आहे. अशा तक्त्यांत आपोआप मोजणी चालूं असेल, तर एक आंकडा बदलतांच त्यावर अवलंबून असलेलें सारें पुन्हां मोजलें जातें. आंकडे भरून होईपर्यंत ती मोजणी बंद ठेवावी.

इतकी काटकसर निर्धोक आहे. पुढची मात्र जपून करावी. खाडीपासून दूरच्या विहिरीस भरती जवळजवळ जाणवत नाहीं, तेथें पाण्याची सरासरी पातळी धरली तरी चालतें. बांधालगतच्या विहिरीस तसें करूं नये. विषाचा अरुंद ओघ मोठ्या चौकटींत घातला तर तो हिशेबांत पातळ होतो, आणि न पिण्याजोगें पाणी कागदावर पिण्याजोगें ठरतें. चौकटी दूरवर मोठ्या असाव्या, ओघाच्या वाटेवर व विहिरीपाशीं लहानच. फासे १०० वेळांच टाकले तर सर्वांत वाईट शेंकडा ५ म्हणजे अवघे पांच आंकडे, आणि वस्तीचा निवाडा त्या पांचांवर! १,००० वेळां टाकून पाहावे, मग ४,००० वेळां. त्या वरच्या टोकाचा आंकडा हलला तर अजून पुरे झालें नाहीं. आणि आटोपशीर केलेलें गणित एकदां तरी रात्रभर चाललेल्या पूर्ण गणिताशीं ताडून पाहावें. दोहोंचीं उत्तरें जुळत नसतील, तर त्या विहिरीसाठीं रात्रच खर्चावी लागेल.